इंटेल मॅक, टाहो आणि बाबांचा पाम: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांसाठी अपग्रेडचा धागा

शहापूरकर

मंडळी, आपल्याकडच्या मॅकवाल्यांसाठी एकच धागा असावा म्हणून हा काढतोय, कारण रोज दुकानात कोण ना कोण येऊन तेच विचारायलंय की आता इंटेल मॅकचं (ॲपलची स्वतःची एम चिप यायच्या आधीचे, इंटेलची चिप असलेले) काय करायचं. आमचं शहापुरात डीटीपीचं काम, लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची निमंत्रणं, मराठी कन्नड दोन्ही, त्यामुळे मॅक आमच्याकडे रोज सकाळी शटर उघडल्यापासून चालू असतो.

आधी सरळ माहिती देतो. मॅकओएस (मॅकची सिस्टिम) टाहो म्हणजे २६ हे सप्टेंबर २०२५ मध्ये आलं आणि इंटेलवर चालणारं हे शेवटचं, हे ॲपलनं त्याच वर्षी जूनमध्ये सांगून टाकलेलं. तेसुद्धा सगळ्या इंटेलवर नाही, चारच मॉडेलवर, २०१९ चा १६ इंची मॅकबुक प्रो, २०२० चा १३ इंची प्रो पण चार पोर्टवालाच, २०२० चा २७ इंची आयमॅक आणि २०१९ चा मॅक प्रो. इंटेलचा एअर एकही नाही, इंटेलचा मिनी एकही नाही. म्हणजे बेळगावात सेकंडहँड म्हणून जे फिरतात त्यातले बहुतेक आधीच बाहेर. एम चिपवर इंटेलची सॉफ्टवेअरं चालवणारं रोझेटा आहे ते मॅकओएस २७ पर्यंत पूर्ण, २८ पासून फक्त काही जुन्या गेमपुरतं. हे धरून प्लॅन करा.

आता माझं म्हणणं, आणि ह्याच्यासाठीच धागा काढलाय. नवीन घ्या, पण घेतल्याबरोबर जुना मॅक फॉरमॅट मारून देऊन टाकू नका. तो एकटाच काय काय करतो ते आधी बसून बघा. आमच्याकडे २०१२ चा १३ इंची प्रो आहे, मोहावे ह्या जुन्या मॅकओएसवर थांबवलाय मुद्दाम. कारण इनडिझाईन सीएस६ हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर जुन्या ३२ बिट पद्धतीचं आहे आणि २०१९ ला पुढचं मॅकओएस कॅटालिना आलं तेव्हा ३२ बिट सगळंच बंद झालं. पत्रिकांच्या जुन्या फाईली, युनिकोडच्या आधीचे फाँट, देवाधर्माचे सगळे मजकूर त्यातच बसवलेले. एखादं घराणं येतं आणि म्हणतं थोरल्याच्या लग्नात होती तशीच पत्रिका धाकट्याला पाहिजे, तेव्हा ती फाईल जशीच्या तशी तिथंच उघडते. नवीन मशीनवर उघडली तर ‘श्री गजाननाय नमः’ च्या जागी आकडे आणि चौकोन दिसतात. नवीन कामं आता एम४ मिनीवर, युनिकोडमध्ये. मिनी आला तेव्हा ५९,९०० ला होता, १६ जीबी रॅम, २५६ जीबी आत. २५६ पुरत नाही हे खरं, पण आत वाढवून घेण्यापेक्षा बाहेरची चांगली यूएसबी-सी एसएसडी लावा, कामाच्या फाईली तिच्यावर ठेवा, आतली जागा सिस्टिम आणि ॲपसाठी सोडा. पॉवरचं बटण खालच्या बाजूला आहे, त्याचा त्रास वाटतो म्हणतात, आम्ही बंदच करत नाही, झोपवून ठेवतो.

आणि खरा प्रश्न आता. बाबांचा सुताचा व्यापार होता, वडगावच्या मागवाल्यांना सूत द्यायचे, त्यांच्याकडे पाम एम१२५ (हातात मावणारी जुनी इलेक्ट्रॉनिक डायरी) आहे आणि ते अजून वापरतात. दोन बारके सेल घालायचे, स्टायलस काढायचा, ग्राफिटीत (पामची स्वतःची अक्षरं काढायची पद्धत) लिहायचं. ए काढताना मधली आडवी रेघ द्यायची नाही, उलटा व्ही काढून सोडायचा, हे त्यांच्या हातात इतकं बसलंय की कागदावरसुद्धा कधीकधी तसाच ए येतो. सगळ्या मागवाल्यांचे नंबर, कुणाला कुठल्या काउंटचं सूत लागायचं, देणंघेणं, सगळं रोमनमध्ये आत आहे. हे मला मिनीवर आणायचंय. पामची माहिती मॅकवर घेणाऱ्या पाम डेस्कटॉप ह्या प्रोग्रॅमचं मॅकवालं शेवटचं व्हर्जन पॉवरपीसीसाठीचं (इंटेलच्याही आधीची चिप), ते पहिल्या रोझेटावर मॅकओएस स्नो लेपर्डपर्यंतच चालायचं, २०११ ला पुढचं लायन आलं आणि संपलं. माझा २०१२ चा प्रो लायनसकट आलेला, त्याच्यावर स्नो लेपर्ड बसत नाही. कुणाकडे २००६ ते २०१० मधला मॅकबुक आहे का चालू स्थितीत?

उद्यमबाग_टर्नर

दादा, पामचं मला माहीत नाही पण २०१२ च्या प्रोवर दोन शब्द बोलतो, माझ्या हातून असे पुष्कळ गेलेत. रॅम आणि डिस्क दोन्ही घरी बदलता येणारा हा शेवटचा मॅकबुक, २०१६ पर्यंत विकायला होता. ॲपल ८ जीबी म्हणतं पण १६ चालते, डीडीआर३ १६०० च्या ८ च्या दोन पट्ट्या. खालच्या झाकणाला १० स्क्रू, त्यातले ३ लांब, हे लक्षात ठेवून वेगळे काढून ठेवा, लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला की आतल्या पार्टला धक्का लागतो. फिलिप्सचा डबल झिरो ड्रायव्हर लागतो आणि डिस्कच्या बाजूच्या चार खुंट्यांना टॉर्क्स टी६. साधी अडीच इंची साटा एसएसडी घाला, महागातली नको.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. १३ इंचीत डिस्कला जी पट्टीची केबल जाते ती ॲल्युमिनियमच्या कडेवरून वळते आणि कालांतरानं तिथंच दगा देते, हा ह्या मॉडेलचा ठरलेला दुखणा आहे. मशीन अडकायलंय, फोल्डरवर प्रश्नचिन्ह यायलंय, म्हणून लोक नवीन एसएसडी टाकून देतात आणि दुसरी आणतात. आधी तीच एसएसडी यूएसबीच्या केसमध्ये घालून बाहेरून बूट करून बघा. बाहेरून नीट चालली तर डिस्क बरी आहे, केबल बदला. नवीन केबल बसवताना कडेवर इन्सुलेशन टेपचा एक थर द्या आणि वळणाला करकचून घडी पाडू नका, गोल ठेवा.

संकेश्वरची_ताई

माझ्याकडे २०१७ चा एअर आहे, ८ जीबी आणि १२८ जीबीचा, भावाचा होता. मी इंजिनिअरिंगला आहे, दुसरं वर्ष. मॅकओएस माँटेरेच्या पुढं जात नाही. घरचे म्हणतात चाललाय की अजून, कशाला नवीन. पण ब्राउझर आणि कॉलेजची सॉफ्टवेअरं हळूहळू नवीन व्हर्जन मागायला लागलीत. ओपनकोर लेगसी पॅचर (जुन्या मॅकवर नवीन मॅकओएस चढवणारं) टाकू का? की लिनक्स? की पैसे साठवून सेकंडहँड एम१ घेऊ?

शहापूरकर

ताई, घरचे म्हणतात त्यात तथ्य आहे, मशीन मेलेलं नाही. पण माँटेरेला सिक्युरिटी अपडेट येणं बंद झालंय, आणि तू त्याच्यावरून बँकेचं, फीचं सगळं करत असशील, म्हणून तसंच चालू ठेव असं मी सांगणार नाही. ओपनकोरनं २०१७ च्या एअरवर टाहोच्या आधीचं सिकोया चालतं, लोक वापरायलेत. फक्त प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर पॅच परत मारावा लागतो आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी चुकून अपडेट दाबलंस तर रात्र त्यातच जाईल. ऑटोमॅटिक अपडेट बंद करून ठेवायची तयारी असेल तर टाक.

१२८ चा प्रश्न मात्र सुटतो. २०१३ ते २०१७ च्या एअरमध्ये एसएसडी वेगळ्या कार्डावर आहे, ॲपलचा स्वतःचा कनेक्टर, त्याला बारकं अडॅप्टर मिळतं आणि साधी एनव्हीएमई एसएसडी बसते. मशीनवर एकदा हाय सिएरा किंवा पुढचं काही बसलेलं असलं पाहिजे, म्हणजे फर्मवेअर अपडेट झालेलं असतं, तुझ्याकडे माँटेरे आहे म्हणजे झालंच. रॅम मात्र बोर्डावरच सोल्डर, ८ ती ८.

हिंदवाडी_पेंग्विन

ताई, लिनक्स मिंट टाक, मनापासून सांगतोय. ह्याच एअरवर सुंदर चालतं. दोन गोष्टी आधीच माहीत असू दे म्हणजे घाबरायचं नाही. पहिल्यांदा बूट केलं की वायफाय दिसणार नाही, कारण ब्रॉडकॉमची चिप आहे आणि तिचा ड्रायव्हर नंतर घ्यावा लागतो. अँड्रॉइड फोन केबलनं जोड, यूएसबी टेदरिंग चालू कर, ड्रायव्हर मॅनेजर उघड, ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर निवड, रीस्टार्ट. झालं. दुसरं म्हणजे कॅमेरा आपोआप चालत नाही, त्याचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो, ऑनलाइन क्लास असतील तर हे आधी बघ. मराठी टायपिंग, कन्नड टायपिंग दोन्ही आरामात होतं.

संकेश्वरची_ताई

कॅमेरा लागतो मला, प्रोजेक्टच्या मीटिंग असतात. आणि सारखं काहीतरी बदलत बसायला वेळ नाही हो. म्हणजे एम१ कडेच वळावं का?

शहापूरकर

एम१ एअर २०२० नोव्हेंबरचा, टाहो त्याच्यावर चालतं, पंखा नाही, बॅटरी दिवसभर. सेकंडहँड घेताना दोन गोष्टी समोर बसून बघ. सिस्टिम सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ आणि सायकल काउंट, आणि आधीच्या माणसानं त्याचा ॲपल आयडी काढलाय का. आयडी काढलेला नसेल आणि ॲक्टिव्हेशन लॉक लागला तर ते मशीन तुझ्या उपयोगाचं नाही, कितीही स्वस्त असू दे. त्याच्यासमोरच इरेज करायला लाव, सेटअपच्या पहिल्या स्क्रीनपर्यंत ने, मगच पैसे दे. आणि ८ जीबीचा नको बघूस शक्यतो, १६ चा मिळाला तर थोडे जास्त गेले तरी चालतील. नवीनच घ्यायचा झाला तर २०२४ च्या ऑक्टोबरपासून एअर १६ जीबीवरनंच सुरू होतो, आणि विद्यार्थी म्हणून किंमत कमी पडते, मिनी तर विद्यार्थ्यांना ४९,९०० ला होता. घरी मॉनिटर असेल तर तेही बघ. तुझा २०१७ चा एअर घरी राहू दे, एनव्हीएमई घालून बॅकअपला.

टाहोचं एक चांगलं सांगतो, पत्रिकेच्या कामात फार उपयोगाला आलं. स्पॉटलाइट उघडायचं कमांड-स्पेसनं आणि कमांड-४ दाबलं की थोड्या वेळापूर्वी कॉपी केलेलं एका यादीत मिळतं. वधूचं नाव, वराचं नाव, कार्यालयाचा पत्ता, प्रत्येक वेळी मागं जाऊन कॉपी करायचं बंद झालं. काचेसारखं दिसणं डोळ्याला त्रास देत असेल तर ॲक्सेसिबिलिटीत डिस्प्लेखाली ट्रान्सपरन्सी कमी करा. आमच्या हातकामाच्या पोरानं पहिलं तेच केलं.

खानापूर_पाऊस

शहापूरकर, मॅकबुक माझ्याकडे आहे. पांढरा, २००९ अखेरचा, स्नो लेपर्ड अजून आहे, मी वर नेलाच नाही. त्याच्यासोबत पामचं क्रेडलपण (पाम ठेवून मॅकला जोडायचा स्टँड) आहे, माझ्याकडे एम५०५ होता, तुमच्या एम१२५ ला तेच कनेक्टर आहे. घेऊन येतो.

तोपर्यंत दोन गोष्टी करा, विनंती आहे. बाबांना सांगा आत्ता सेल बदलू नका आणि बदललेच तर एकदम जवळ नवीन घेऊनच बदला. त्या पामची मेमरी सेलवरच जगते, सेल काढल्यावर जेमतेम मिनिटभर तग धरते, त्यानंतर सगळं कोरं होतं. आणि सिंकच्या आधी हॉटसिंकच्या (पाम आणि मॅकमधली माहिती जुळवणारा प्रोग्रॅम) कंड्युइट सेटिंगमध्ये, म्हणजे कुठली माहिती कुठून कुठं जायची ते ठरवतात तिथं, ॲड्रेस, मेमो, डेटबुक, टूडू प्रत्येकाला ‘हँडहेल्ड ओव्हरराइट्स मॅकिंटॉश’ असं करायचं. उलटं राहिलं तर मॅकवरची रिकामी यादी पामवर जाऊन बसेल आणि बाबांचं सगळं जाईल. हे मी आल्यावर दोघं मिळून करू, एकट्यानं नको.

आणि सगळ्यांनाच सांगतो, आमच्याकडे पावसात भिंतीला ओल येते, कपाटातल्या चामड्याला बुरशी येते, तिथं जुनी उपकरणं कशी टिकणार. सेल आत ठेवून कपाटात टाकू नका (बाबांच्या पामसारखं रोज वापरातलं असेल तर वेगळं). अल्कलाइन सेल फुटला की पांढरी पूड कनेक्टरवर चढते, तिला आधी कापसाच्या बोळ्यानं थोडं व्हिनेगर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पूर्ण वाळू द्यायचं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, जेलचा रंग बदलला की तापवून परत. मॅकबुकचं ट्रॅकपॅड अचानक क्लिक व्हायचं थांबलं, किंवा खालचं झाकण मध्ये पुरीसारखं वर आलं, तर ती बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, बंद करा, टोचू नका दाबू नका, बदलून घ्या. ह्यात थांबायचं नाही.

निपाणीकर

वाचून फार बरं वाटलं. माझ्याकडे सायन ५एमएक्स हा कीबोर्डवाला खिशातला संगणक आहे, १९९९ चा. उघडताना कीबोर्ड पुढं सरकतो आणि स्क्रीन मागं टेकते, ती हालचाल अजून तितकीच चोख आहे. दोन पेन्सिल सेल आणि आत बॅकअपला सीआर२०३२. चुलते तंबाखूच्या वखारीत हिशेबाला वापरायचे. अडचण अशी की स्क्रीन मध्येच आडव्या रेघा दाखवते, थोडी वाकडी धरली की बरोबर होते.

उद्यमबाग_टर्नर

काका, ती स्क्रीनची रिबन असणार, सायन ५ ला हे ठरलेलंच आहे, उघडझाक करून करून बिजागरीजवळ ट्रॅक तुटतात. आता जास्त उघडझाक नका करू. अर्धवट चालायलीय तोपर्यंत आतलं सगळं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर घ्या, वर्डच्या फाईली साध्या टेक्स्टमध्ये एक्सपोर्ट करून. कार्ड साध्या यूएसबी रीडरमध्ये घातलं की मॅकवर दिसतं, कुठलं खास सॉफ्टवेअर लागत नाही. माहिती बाहेर आली की मग रिबनचं बघू, सवडीनं.

चिकोडीचा_सर

सगळे परदेशी हँडहेल्डबद्दल बोलायलेत, मला एक आपल्या राज्यातला सांगायचाय. सिम्प्युटर. बेंगळुरूच्या आयआयएससीमधले प्राध्यापक आणि एन्कोअर सॉफ्टवेअर ह्यांनी मिळून १९९९ ला ट्रस्ट केला, आणि २००४ ला पिकोपेटा आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सनं अमिडा नावानं बाजारात आणला, सुरुवातीचं मॉडेल १०,००० च्या आतबाहेर. आत लिनक्स, २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, स्मार्टकार्डाची खाच. हातातला यंत्र तिरका केला की पान उलटायचं, कारण आत हालचाल ओळखणारा सेन्सर होता, आणि हे आयफोन यायच्या ३ वर्षं आधी. कन्नडमध्ये वाचून दाखवायचाही विचार पहिल्यापासून होता, कारण ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठीच तो काढलेला. फार विकला गेला नाही ह्याचं मला आजही वाईट वाटतं. कुणाच्या ऑफिसच्या अडगळीत एखादा पडलेला असेल तर भंगारात देऊ नका, मला कळवा, मी मुलांना दाखवायला ठेवेन.

अनगोळचा_भावड्या

गेमबॉयवाल्यांना जागा आहे का इथं? लहानपणी आम्हाला ब्रिक गेमच माहीत, खडेबाजारात जत्रेत मिळायचा तो. आता गोव्यातल्या मावसभावाकडून गेमबॉय कलर मिळालाय, आणि त्याच्यासोबत पोकेमॉनची जुनी कार्ट्रिज. गेम सेव्ह राहील का?

खानापूर_पाऊस

आहे की जागा. कार्ट्रिजच्या आत बटण सेल आहे, सेव्ह त्याच्यावरच राहतो, तो संपला की सेव्ह गेला. तो सोल्डर केलेला असतो आणि काढला की त्याच क्षणी सेव्ह पुसला जातो, म्हणून आधी कार्ट्रिज रीडरनं सेव्हची फाईल मॅकवर घ्या, मग सेल बदला, मग फाईल परत घाला. जीबी ऑपरेटर म्हणून रीडर आहे तो मॅकवर चालतो. सेल पाय असलेलाच घ्या, साध्या सेलला थेट सोल्डर मारू नका, तापून फुटतो.

आयपॉडवाल्यांनाही एक. टाहोमध्ये फायरवायर (केबल जोडायची जुनी पद्धत) काढून टाकलंय. पहिल्या दोन पिढ्यांचे आयपॉड फायरवायरवरच गाणी घेतात, म्हणजे नवीन सिस्टिमवर ते जोडून उपयोग नाही. कुणाकडे तो आयपॉड असेल आणि फायरवायरचा जुना मॅकही असेल, तर मॅक टाहोवर न्यायचाच नाही. यूएसबीवाले पुढचे आयपॉड फाइंडरमध्ये दिसतात.

शहापूरकर

काम झालं मंडळी. खानापूरचे दादा स्वतः पांढरा मॅकबुक आणि क्रेडल घेऊन दुकानात आले. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले, पाम हातातनं सोडायला तयार नव्हते, शेवटी त्यांनीच क्रेडलवर ठेवला आणि हॉटसिंकचं बटण त्यांनीच दाबलं. कंड्युइट आधी सांगितल्याप्रमाणे लावलेले. पाम डेस्कटॉपमधून पत्ते व्हीकार्डमध्ये (नाव-नंबरची फाईल, सगळीकडे उघडते) काढले, मेमो साध्या टेक्स्टमध्ये. व्हीकार्डची फाईल पेनड्राइव्हवरून मिनीवर घेतली, दोनदा क्लिक केली, सगळी नावं काँटॅक्टमध्ये. ‘वडगाव – ६० काउंट – सोमवारी’ असल्या नोंदी जशाच्या तशा. बाबांनी एकेक नाव वाचून कोण आहे, कोण गेलं ते सांगितलं, तेही मी शेजारी टाइप करून घेतलं, कारण ते पाममध्ये कुठंच नव्हतं.

पाम परत त्यांच्याकडेच आहे, नवीन सेल घातलेत. टेक्स्ट फाईलच्या दोन प्रती केल्यात, एक मिनीवर आणि एक बाहेरच्या डिस्कवर.

निपाणीकर काका, तुमचा सायन शनिवारी आणा, कार्ड रीडर दुकानात आहे. चिकोडीचे सर, व्हीटीयूकडचे (इथलं इंजिनिअरिंगचं विद्यापीठ) एक गिऱ्हाईक आहेत त्यांना सिम्प्युटरचं विचारतो. आणि अजून कुणाकडे एम१००, एम१०५, पाम थ्री असे यूएसबीच्या आधीच्या सिरियल केबलवाले पाम असतील तर मॉडेल नंबर मागच्या बाजूचा नीट वाचून इथं टाका, त्यांना यूएसबी क्रेडल चालत नाही, सिरियल ते यूएसबी अडॅप्टर वेगळं शोधावं लागेल.

खानापूर_पाऊस

अडॅप्टर माझ्याकडे एक आहे, ड्रायव्हर स्नो लेपर्डवर चालतोय का ते बघून सांगतो. मॅकबुक तोवर शहापूरकरांकडेच राहू दे, येणाऱ्यांना तिथं सोपं पडेल.